गच्चीवरचा सिनेमा

विश्वास रणनवरे आणि श्याम दाबके यांचं भांडण नेमकं कधी सुरू झालं, हे त्यांच्या बायकांनाही सांगता आलं नसतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघं शेजारी होते. विश्वास साताऱ्याकडचा, एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. श्याम ग्वाल्हेरहून आलेल्या जुन्या दिल्लीकर मराठी घरातला, सरकारी विमा कंपनीत. सरकारी कारखाने विकावेत की ठेवावेत, अणुचाचणी झाल्यावर पेढे वाटावेत की नाही, प्रत्येक गोष्टीवर वाद. पण जुन्या सिनेमांचं वेड दोघांना सारखंच. रविवारी दर्यागंजहून बनवारीलाल आपला प्रोजेक्टर स्कूटरला बांधून आणायचा, भिंतीवर चादर लागायची आणि तेवढा वेळ तरी दोघांची तोंडं बंद असायची. पुढे दिल्लीच्याच द्वारका भागात सोसायटी उभी राहिली तेव्हा दोघांनी मुद्दाम समोरासमोरचे फ्लॅट घेतले. बनवारी तिथेही येऊ लागला.

एक गोष्ट मात्र दोघांच्या मध्ये राहून गेली होती. गणपती दूध पितो म्हणून सगळी दिल्ली देवळांकडे धावली, त्या दिवशी श्यामची आई भीमाबाई डोळ्यांत पाणी घेऊन देवळातून परतली होती. विश्वासने तिला सगळ्यांसमोर बसवलं आणि चमचाभर दूध वरवंट्याला लावून दाखवलं. दूध वरवंट्यानेही 'प्यायलं'. लोक हसले. म्हातारीने वाटीतलं उरलेलं दूध मोरीत ओतलं आणि ती आत गेली. त्याच थंडीत ती वारली. श्यामने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि विश्वासला वाटलं की तो विसरला.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात माकडमानव आला. यमुनापारच्या वस्त्यांत सुरू झालेली अफवा बघता बघता द्वारकेपर्यंत पोचली. काळं अंग, डोक्यावर हेल्मेट, लाल डोळे, हाताला लोखंडी नखं. वीज गेली की येतो आणि ओरबाडून जातो. कोणी म्हणे ते जनावर आहे, कोणी म्हणे शेजारच्या देशाने सोडलेलं यंत्र. गच्चीवर झोपलेली माणसं नुसत्या ओरडण्याने घाबरून खाली उड्या टाकत होती, हातपाय मोडून घेत होती. सोसायटीने पहारा बसवला, त्याचा प्रमुख श्याम. घराघरांतून हॉकी स्टिक, सळया, क्रिकेटच्या बॅटी निघाल्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विश्वास उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या गुलाटीबाईंनी माकडमानव पाहिला होता. विश्वासने त्यांना वकिलासारखं विचारायला सुरुवात केली. किती अंतरावरून? उजेड कशाचा होता? चष्मा होता का डोळ्यांवर? बाई गोंधळल्या, रडकुंडीला आल्या, मागे दोन-चार जण फिदीफिदी हसले. शेवटी विश्वास म्हणाला की ज्या देशात दगड दूध पितो, तिथे माकडाने हेल्मेट घातलं तर नवल काय. श्याम समोरच बसला होता. त्याने हातातली हॉकी स्टिक या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

घरी आल्यावर अहिल्या ताटं वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही बरोबर असता ना, तेव्हा तुमच्याकडे बघवत नाही."

विश्वासने ते मनावर घेतलं नाही. उलट येत्या रविवारी सिनेमा होणार आणि तोही गच्चीवर, असं त्याने ठरवलं. कमिटीने अंधारात गच्चीवर जमू नका म्हणून कळवलं होतं. त्यामुळेच त्याला जास्त चेव चढला. बनवारीला त्याने फोन करून बोलावून घेतलं. बनवारी जरा कां-कूं करत होता, इकडे फार गडबड चालू आहे म्हणाला. विश्वासने त्यालाही हसून उडवून लावलं.

माणसं थोडीच आली. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या, श्याम अर्थातच नव्हता. लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर पडदा ताणला. दिवेलागणीला बनवारीने रीळ चढवलं. काळ्यापांढऱ्या चित्रात एक आगगाडी धुरातून पुढे येऊ लागली, तेवढ्यात प्रोजेक्टरचा दिवा फट् करून गेला. दुसरा स्कूटरच्या डिकीत होता. तो आणायला बनवारी खाली उतरला आणि नेमकी तेव्हाच सगळ्या सेक्टरची वीज गेली.

पुढचं सगळं पाच-सात मिनिटांत घडलं. बनवारीच्या दोन्ही हातांत सामानाचा खोका होता. हेल्मेट ठेवायला जागा नाही म्हणून त्याने ते डोक्यात घातलं होतं. तापलेला दिवा काढताना घातलेला चामड्याचा काळा हातमोजा तसाच हातात होता. प्रेक्षकांना उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून तो बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावायचा. ती बॅटरी त्याने दातांत धरली होती. असा तो जिना चढत असताना गुलाटीबाईंनी दार उघडलं.

त्यांची किंकाळी गच्चीवर ऐकू आली. मग जिन्यावर पावलांचा धडधडाट झाला आणि खालून आरोळी आली, "पकड़ लिया!"

विश्वासने कठड्यावरून पाहिलं. पार्किंगमध्ये बॅटऱ्यांचे झोत एका जागी जमत होते आणि त्या जागी काहीतरी गडबडा लोळत होतं. हेल्मेटवर सळई आदळल्याचा आवाज आला, नारळ फोडल्यासारखा. त्याने पडद्याच्या चौकटीतली एक नळी उपसली आणि जिन्यावरून धावत सुटला.

खाली पोचला तेव्हा हेल्मेट निघून लांब घरंगळलं होतं. बनवारी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. लाथा बसत होत्या, बॅटी बसत होत्या. तो आपलं नाव सांगत होता, पण तोंडात रक्त भरल्याने नाव उमटत नव्हतं. एका पोराने त्याचा हातमोज्याचा हात बुटाखाली दाबला आणि दुसऱ्याने त्यावर सळई घातली. बोटं मोडल्याचं विश्वासला ऐकू आलं. तो गर्दीत घुसला, कोपराचा एक तडाखा त्याच्या नाकावर बसला, चष्मा गेला. समोर श्याम होता. हॉकी स्टिक डोक्याच्या वर उचललेली.

विश्वास मराठीतून ओरडला. "श्याम, बनवारी आहे रे तो! आपला बनवारी!"

श्यामने त्याच्याकडे पाहिलं. कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर होता. ऐकल्याचं, कळल्याचं त्या तोंडावर स्पष्ट दिसलं. आणि तरी स्टिक खाली आली, बनवारीच्या डोळ्यावर.

विश्वासने नळी दोन्ही हातांनी धरून श्यामच्या मनगटावर हाणली. स्टिक गळून पडली. पुढचा घाव गुडघ्यावर. श्याम बनवारीच्या शेजारीच कोसळला. विश्वास थांबला नाही. पाठीवर, खांद्यावर, पुन्हा त्याच गुडघ्यावर तो घाव घालत राहिला. त्याच्या तोंडून शिव्याही निघत नव्हत्या, लाकूड फोडताना निघतो तसा नुसता हुंकार निघत होता. वीज आली, पार्किंगचे दिवे लागले, गर्दी पांगून भिंतींना लागली, तरी तो मारतच होता. त्या हातांना एक सुख होत होतं, आणि ते त्याला जाणवत होतं. शेवटी अहिल्येने मागून कमरेला मिठी घालून त्याला ओढलं, तेव्हा नळी वाकली होती.

पोलिसांच्या कागदावर बनवारीला मारणारे 'अज्ञात जमाव' झाले. अंधारात कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. विश्वासला मात्र सगळ्यांनी दिव्याच्या लख्ख उजेडात पाहिलं होतं. त्याला अटक झाली, दोन रात्री कोठडीत काढल्यावर जामीन मिळाला, नोकरीतून निलंबन आलं.

सुटल्यावर तो आधी इस्पितळात गेला. बनवारीचा डावा डोळा काढावा लागला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. विश्वासला पाहताच तो पलंगावर मागे सरकला. उरलेल्या डोळ्याने त्याने त्या संध्याकाळी जे शेवटचं पाहिलं होतं ते एवढंच होतं: दिवे लागले आणि रणनवरेसाहेब त्याच्या अंगाशी उभे राहून लोखंडी नळी चालवत होते. विश्वासने समजावलं. तो कुठे उभा होता, श्याम कुठे पडला होता, घाव कुणाला बसत होते. ते सगळं खरं होतं, पण बनवारी ऐकत नव्हता.

"आपने ही बुलाया था," तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या मुलाने विश्वासला हात जोडून बाहेर जायला सांगितलं.

श्याम त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. विश्वास तिथे गेला. पद्मजा, श्यामची बायको, त्याला बघून उठली आणि बाहेर निघून गेली.

"तुला ऐकू आलं होतं," विश्वास म्हणाला.

"आलं होतं."

"मग?"

श्याम छताकडे बघत होता. "हात वर गेला होता यार. आणि तू ओरडत होतास. तू, पुन्हा एकदा बरोबर. मला ते सहन झालं नाही. तो बनवारी होता हे मला कळलं, आणि मी मारलं." मग त्याने मान वळवली. "तू कशासाठी मारत होतास? मी पडल्यानंतर?"

बनवारी आपल्यालाच मारणारा समजतो, पोलिसांना तसा जबाबही त्याने दिलाय, एवढंच विश्वासने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी श्यामने वॉर्डबॉयला आपली चाकांची खुर्ची बनवारीच्या पलंगाशी न्यायला लावली आणि डोळ्यावरचा घाव माझा, असं त्याच्यापुढे कबूल केलं. मग पोलिसांना बोलावून तेच लिहून दिलं. पद्मजाने त्याचे पाय धरले होते, वकिलाने वेड्यात काढलं होतं. जमावातलं ते एकच नाव पोलिसांना मिळालं. बनवारीने विश्वासविरुद्धचा जबाब मागे घेतला, पण प्रोजेक्टर न्यायला तो स्वतः आला नाही, मुलाला पाठवलं. विश्वासला दंड होऊन खटला मिटला. श्यामची नोकरी गेली आणि त्याचा खटला वर्षानुवर्षं चालत राहिला. गुडघा कधीच नीट वाकला नाही.

पद्मजा समोरच्या दारातून विश्वासकडे बघत नसे. अहिल्या तिच्याकडे जायची, पण एकटीच.

एका सकाळी गॅसवाला सिलिंडर तळमजल्यावरच टेकवून निघून गेला. सोसायटीला लिफ्ट नव्हती. श्याम पहिल्या पायरीवर उभा राहून डाव्या हाताने सिलिंडर सरकवायचा प्रयत्न करत होता. विश्वास भाजी घेऊन येत होता. त्याने पिशवी पायरीवर ठेवली, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि चढू लागला. मागून एकेक पायरी टेकत श्याम येत होता. तिसऱ्या मजल्यावर विश्वास बाजूला होऊन थांबला. श्यामने पुढे होऊन कुलूप काढलं आणि दार धरून ठेवलं. विश्वासने सिलिंडर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, रेग्युलेटर बसवला, गळती नाही ना हे हुंगून पाहिलं.

तो बाहेर येईपर्यंत श्यामने दार तसंच धरून ठेवलं होतं. आत बसायला मात्र त्याने सांगितलं नाही. विश्वासची भाजी खाली पायरीवर होती, ती आणायला तो उतरला.