पकडीची रिकामी जागा

मी एक जुनी पकड आहे. दात झिजलेत, तोरा मात्र झिजलेला नाही. मित्रांनो, एजियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर विमानं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. तार पिळावी तर हिनेच, असं स्ताथिस मिस्त्री सांगायचा. उगाच नाही सांगायचा.

हँगरच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. काम संपलं की ज्याने त्याने आपल्या आकृतीत परत यायचं. एक जरी जागा रिकामी असली तरी विमान उडायचं नाही. हा नियम देशोदेशीच्या माणसांनी एकत्र बसून साऱ्या जगासाठी केलेला. आमच्याकडे तो सांभाळायची पोलिक्सेनीबाई. तिच्या सहीवाचून चाक हलत नसे.

पण बेटाला एक खोड होती. लग्नात साखरेत घोळवलेले बदाम वाटायचे, आणि आधी त्यांची कवचं फोडायला मिस्त्री लोक मला खुशाल घरी न्यायचे. बाई ओरडायची, हे हसायचे. माझी जागा रिकामी दिसली तरी बाईखेरीज कुणाला काही वाटेनासं झालं.

स्ताथिसच्या लेकीचं, अर्गिरोचं लग्न शेजारच्या बेटावर होतं. त्या सकाळी त्याने वऱ्हाड नेणाऱ्या विमानाच्या शेपटीतली तार पिळली आणि लग्नाच्या घाईत मला आतच विसरला. झाकण लागलं. आत मऊ काळोख. एका भोकातून उन्हाचा धागा आलेला, आणि शंख कानाला लावावा तसा समुद्र ऐकू येत होता. मला गुंगी आली. जन्मभर दुसऱ्यांना उडवलं, आज आपणही ढगांतून जाऊ, असं गोड स्वप्न पडलं. खोटं कशाला बोलू?

पातळ पत्र्यातून बाहेरचं बोलणं येत होतं. फळीवर माझी जागा रिकामी, म्हणून बाई सही करेना. स्ताथिस म्हणे, पकड घरी आहे, बदामांपाशी.

"मग घरून आण."

"बाई, पोरगी नटून उभी आहे. नियम करणाऱ्यांना आपलं बेट नकाशात तरी सापडेल का?"

"त्यांना नाही सापडलं तर नाही. विमानाला सापडतं ना?"

तेवढ्यात त्याची बायको मारुलियो म्हणाली, "अहो, बदाम तर मी दगडाने फोडले. पकड तुम्ही आणलीच कुठे?"

मग शेपटीकडे धावती पावलं आली. झाकण उघडलं. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या दोरीला टेकून मी पडले होते. हवेत एक धक्का बसता, तर ती दोरी माझ्यातच अडकली असती आणि विमान समुद्रात कोसळलं असतं. स्ताथिसने मला उचलून माझ्या आकृतीत टांगलं, आणि बाईने सारं विमान पुन्हा तपासून मगच सही केली. माझ्या स्वप्नाची मला लाज वाटली.

त्यानंतर मला कुणी घरी नेलं नाही. पुढे दात झिजले, तेव्हा नियमानेच मला फळीवरून उतरवलं. आता खणात पडून असते. वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

मित्रांनो, घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवा, आणि रिकामी जागा दिसली तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्गिरो तीन तास उशिरा पोचली. सासू आजही तिला त्यावरून टोमणे मारते. मारू दे. टोमणे ऐकायला सून जिवंत आहे ना.