पवळ्याच्या घंटेने घेतलेला सूड

वाचकहो आणि बालमित्रांनो, आज मी आपणांसमोर माझ्या आयुष्याचा वृत्तान्त सादर करीत आहे. तो ऐकताना कोणीही मला क्षमाशील समजू नये. ज्या माणसाने माझे तोंड बंद केले, त्याचे तोंड मी भर गावासमोर कसे बंद केले, तेच मला सांगावयाचे आहे.

मी एक जुनी घंटा आहे. महाडच्या एका कासाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. ओतकामात माझी एक बाजू जाड राहिली. त्यामुळे मी हलले की आधी 'ठण्' आणि लगेच पाठोपाठ बारीक 'टिंग' असे दोन स्वर निघत. कासार मला पुन्हा वितळवणार होता. तेवढ्यात पोलादपूरकडच्या आमच्या वाडीतील कोंडाजी नावाचा शेतकरी दुकानात आला. त्याने मला कानाशी धरून हलविले आणि तो हसला.

"हीच द्या. धुक्यात शंभर गुरं चरत असली, तरी माजा बैल मला कळंल."

मित्रांनो, ज्या खोडीसाठी मी मरणार होते, तिच्याचसाठी माझी निवड झाली! कोंडाजीने मला पवळ्याच्या गळ्यात बांधले. पवळ्या हा त्याच्या जोडीतला उजवा बैल. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. दिवाळीच्या पाडव्याला त्याच्याबरोबर माझ्याही कपाळी कुंकू लागे. पूजलेली घंटा टाकली तर घरावर संकट येते, असे आमच्या वाडीत मानतात. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

पुढे कोंडाजी वारला. त्याची पत्नी राहीबाई त्याच जोडीवर शेत करू लागली. वाडीची गुरे चांगू नावाचा गुराखी चारीत असे. त्याची लहानगी लेक आवडी दिवसभर त्याच्या खांद्यावर. चांगू डोळे मिटून म्हणे, "सांग गो आवडे, पवळ्या खंय?" आणि ती पोर माझा आवाज येईल तिकडे अचूक बोट दाखवी. इतके कौतुक मला पुन्हा लाभले नाही.

राहीबाईचा धाकटा दीर येसाजी. भावाचे शेत आपल्या हाती यावे, अशी त्याची इच्छा होती. जोडी मोडली तर नांगर थांबेल आणि वहिनी आपोआप शेत सोडील, असा त्याने हिशेब केला. शिमग्यात सारी वाडी पालखीमागे नाचत असता, भर दुपारी तो माळावर आला. चांगू ओढ्यावर आवडीला पाणी पाजीत होता. येसाजीने कमरेची चिंधी काढली आणि माझ्या पोटात ठासून कोंबली. आतला लोळा जागच्या जागी अडकला. हा घरचाच माणूस, म्हणून पवळ्या बिचारा त्याच्यामागे चालू लागला. कशेडी घाटाच्या पलीकडे येसाजीने मला पवळ्याच्या गळ्यातून सोडविले आणि त्याचे दावे एका व्यापाऱ्याच्या हाती दिले. जाताना पवळ्याने वळून पाहिले. मला ओरडावयाचे होते. मित्रांनो, मला ओरडता आले नाही.

दुसऱ्या दिवशी चांगू सर्वांपुढे हात जोडून उभा राहिला.

"देवाशपथ सांगतो, घंटा वाजली नाय. वाजली असती तर मी धावलो नसतो?"

"घंटा वाजली नाय!" येसाजीच मोठ्याने हसला. "मग बैल काय पाखरू होऊन उडाला रे? इकलास आन् वर शपथा घेतोस!"

सर्वांना ते पटले. राहीबाईलाही पटले. चांगूकडून गुरे काढून घेतली गेली. बायका आपल्या मुलांना आवडीबरोबर खेळू देईनात. मला मात्र येसाजीला टाकवेना, कारण मी पूजेची घंटा होते. त्याने मला चिंधीसकट आपल्या माळ्यावर टांगले. त्या अंधारात मी आठ महिने एकच जप केला : येसाजी, येसाजी, येसाजी.

कार्तिकात महाडहून आनंदीबाई आल्या. लहान मुलांना शिकविण्याचे शिक्षण घेतलेल्या त्या बाईंनी देवळाशेजारच्या धर्मशाळेत बालवर्ग काढला. इ. स. १९३४ चे ते साल. त्यांनी खोलीचे चार कोपरे चार कामांना दिले. एकात पाण्याचे मडके आणि लहान तांबे, ओतावयास. दुसऱ्यात परातभर बारीक माती, बोटाने अक्षरे काढावयास. तिसऱ्यात वाल, कुळीथ आणि नाचणी एकत्र करून ठेवलेली, निवडावयास. बाई स्वतः गुडघ्यांवर बसून पाहत, की मुलाचा हात तेथे पोचतो किंवा नाही.

"पोरांस पानी वतायला नि डाळ निवडायला शिकिवनार?" साळूबाई म्हातारी म्हणाली. "मग माज्या सुनंलाच धाडते साळंत, तिला दोन्ही येत नाय!"

बाईही हसल्या. चौथा कोपरा नादाचा होता. त्यासाठी त्या घरोघरी वाजणाऱ्या जुन्या वस्तू मागत फिरल्या. कोणी टाळ दिला, कोणी करवंट्या. येसाजी शेतावर असता त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "माळ्यावर एक घंटा हाय बाय. उगाच लोंबतेय, घेऊन जावा." तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हते. तिने चिंधी उपसली, मला चिंचेने घासले आणि बाईंच्या हाती दिले. मी लोळा घट्ट आवरून धरला. अजून वेळ आली नव्हती!

वर्ग उघडण्याच्या दिवशी सारी वाडी जमली. येसाजी पुढेच, जाजमावर बसला होता. चांगू दाराबाहेर उभा होता. बाईंनी मुलांना भिंतीकडे तोंड करून बसविले. त्या एकेक वस्तू वाजवीत, मुले नाव सांगत. टाळ झाला. करवंटी झाली. मग बाईंनी मला उचलले.

मित्रांनो, आठ महिन्यांचा सारा राग मी त्या एका टोल्यात घातला.

आवडी ताडकन उठली. "पवळ्या आला! बापा, पवळ्या आला!"

ती दाराकडे धावली. बाहेर बैल नव्हता. ती रडू लागली. चांगूने उंबऱ्यात येऊन तिला उचलून घेतले.

राहीबाई पुढे झाली. तिने मला हाती घेऊन दोनदा हलविले. "बाई, ही कुनाच्या घरची?"

"ठकूबाईंनी दिली," बाई सहज म्हणाल्या.

"घंटा काय जगात एकच असते का?" येसाजी उसळून म्हणाला. "पोरीच्या बोलन्यावर जाता व्हय!"

"मग भावजी, तुमच्या बैलाच्या गळ्यात ही कधी वाजली? वाडीतल्या कुनी ऐकली? ऐकलेला मानूस उठून सांगू दे."

कोणीही उठले नाही. शेवटी ठकूबाईच हळूच बोलली, "हिच्या पोटात चिंधी कोंबलेली होती गो. तुमच्या दिराच्या जुन्या धोतराची." मग साऱ्यांनी येसाजीकडे पाहिले आणि त्याने जाजमाकडे.

त्याचा चांगला बैल राहीबाईच्या दावणीला आला. गुरे चांगूला परत मिळाली. राहीबाईने त्याचे पाय धरले. येसाजीनेही धरले. चांगूने त्याला क्षमा केली.

मी केली नाही. पवळ्या कशेडीपलीकडून कधीच आला नाही. राहीबाईने मला वर्गालाच दिले. येसाजीची पडवी धर्मशाळेला लागून आहे. रोज सकाळी वर्ग भरताना मला वाजविण्याचा मान आवडीचा. मी वाजले की तो हातातला घास खाली ठेवतो. मला त्याची दया येत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. गरीब माणूस शपथेवर काही सांगत असेल, तर हसण्याआधी त्याचे ऐकून घ्या. आणि लहान मुलाच्या कानाला कधी कमी लेखू नका.

घंटेच्या तोंडून मी लिहिलेला हा वृत्तान्त वाचकांनी शेवटपर्यंत वाचला, याबद्दल त्यांचा मी अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
भागोजी हैबती उतेकर
मु. पोलादपूर, तालुका महाड