व्हरांड्यातला आडोसा

मी एक जुना पडदा आहे. शिंप्याने मला शिवले तेव्हा गडद निळा होतो. आता कोणता रंग म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. माझी उमेदीची वर्षे एका दवाखान्यात, तपासणीच्या खाटेभोवती गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई मला हात लावण्याआधी खाकरत. तेवढ्यात आतल्या माणसाला सावरून बसायला वेळ मिळे. पडद्याला याहून मोठा मान नसतो, मित्रांनो.

विटलो तसा मी अडगळीत गेलो. मग नदीला पूर आला, अर्धी वस्ती वाहून गेली आणि मदत म्हणून मला एका ढिगात टाकण्यात आले. त्या ढिगाची मला अजून किळस येते. एका पायाचे बूट, तेलकट उशा, बटणे तुटलेले सदरे. लोकांनी आपली कपाटे झाडली होती आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतले होते.

पूरग्रस्तांचे शिबिर एका शाळेत होते. तिथल्या बायकामुलांच्या मनाला आधार द्यायला एक समुपदेशक ताई आली होती. तिने त्यांच्याशी बोलायला खोली मागितली, तर शिबिराचे व्यवस्थापक हसले.

"रडायला खोली कशाला लागते, ताई? इथे पांघरुणं ठेवायला जागा नाही."

तिला व्हरांड्याचा कोपरा मिळाला. तिने मला ढिगातून उपसले, धुतले आणि दोरीवर टांगले. पडदा ओढलेला असला की आत यायचे नाही, एवढा एकच नियम केला.

बायका येऊ लागल्या. कुणाला डोळे मिटले की पाणीच दिसे. कुणी अंधारात संडासला जायच्या भीतीने दिवसभर घोटभर पाणीही पीत नसे. बोलून झाले की डोळे आणि नाक मलाच पुसत. त्याची मला कधी घाण वाटली नाही. घाण वाटे ती बाहेरून मला दोन बोटांनी सारून आत डोकावणाऱ्यांची. वर म्हणत, "चालू द्या, चालू द्या."

एक लहान मुलगी आईबरोबर येई. घरी तिला 'रेडिओ' म्हणत, कारण ती झोपेतही बडबडायची. पुरात तिचा धाकटा भाऊ गेला आणि तिने बोलणेच टाकले. शिबिराने लगेच तिचे नाव 'मुकी' ठेवले. ताई मात्र तिला काही विचारायची नाही, शेजारी बसून चित्रे रंगवायची. एका दुपारी ताई आणि आई बोलत असताना मुलगी माझ्या घडीत शिरली, तिने माझ्यात तोंड खुपसले आणि पुटपुटली, "मी हात सोडला नव्हता. सुटला."

हे फक्त मी ऐकले. आज मला सांगितले, उद्या आईला सांगेल, अशी आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी मला दोरीवरून उतरवले. पाहुणे येणार होते आणि मंचामागच्या भिंतीचे पोपडे झाकायला कापड हवे होते. टाचण्या टोचून माझ्यावर फलक लावला, 'मन मोकळे करा'.

"अहो, ती आमच्या खोलीची भिंत आहे," ताई म्हणाली.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," व्यवस्थापक म्हणाले. "आणि त्या मुकीला वर घेऊ. पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलली तर बातमी होईल."

मंचावर अत्तराचा भपकारा सुटला होता. व्यवस्थापकांनी मुलीला हाताला धरून वर आणले. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नजर कॅमेऱ्याकडे.

"बोल बाळा, कोण कोण वाहून गेलं तुमच्या घरातलं?"

मित्रांनो, दवाखान्यात मी रक्त पाहिले, पू पाहिला. इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. मुलगी मागे सरत आली आणि माझ्याआड लपली. फोटोवाल्याने मला बाजूला सारले. "लाजू नको, इकडे बघ."

तेव्हा तिची आई मंचावर चढली. तिने एका हिसक्यात मला खाली ओढले. कड्या तुटल्या, फलक पाहुण्यांच्या पायांशी पडला. लेकीला पोटाशी धरून तिने मला दोघींच्या डोक्यावरून घेतले. बाहेर माइक चालूच होता. आत अंधार झाला आणि मुलगी बोलली. तेच, जे मला सांगितले होते.

"ठाऊक आहे गं मला," आई म्हणाली. "पाणीच तसं होतं. तू नाही सोडलास."

बाहेर आभारप्रदर्शन उरकले. मी फाटलो म्हणून व्यवस्थापकांनी आईला चार शब्द सुनावले.

आता मी पुन्हा व्हरांड्यात आहे, एका बाजूने लोंबतो. मुलगी अजून फार बोलत नाही. काल मात्र तिने ताईकडे माझी तक्रार केली, "याला कुबट वास येतो." आजवर कुणाच्या कौतुकानेही मी इतका सुखावलो नव्हतो.

ताई मला आज धुणार आहे. मी वाळेपर्यंत त्या कोपऱ्यावरून जाल, तर मित्रांनो, तोंड फिरवून जा. आणि दोरीवर परत चढलो की मला हात लावण्याआधी खाकरा. आतून कुणी 'या' म्हटले तरच या.