मागं म्हणजे आफ्टर

शिवतेजसाठी मेढ्याची मुलगी बघायला निघालो तेव्हा आम्हाला दोनच गोष्टी माहीत होत्या. मुलगी, दीपमाला, शाळेत इंग्रजी शिकवते. आणि तिचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेत, पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलतात.

म्हणून माझ्या ह्या चुलतभावाने रहिमतपूरपासूनच गाडीत इंग्रजी सुरू केलं. शब्द त्याच्याकडे भरपूर होते. घोळ शेपटांचा होता. आपल्याकडे ‘ला’, ‘शी’, ‘वर’ नामाला चिकटून गुमान राहतात. इंग्रजीत ते क्रियापदाच्या घरी घरजावई होऊन बसतात, आणि कुणाकडे कुठला जावई हे कुणी सांगत नाही.

"मुलगी शोधतोय म्हणायचं तर लुकिंगच्या पुढं काय लावू रं?" साताऱ्यात सिग्नलला त्याने विचारलं.

"मला काय इचारतोस? मी कॉमर्सचा."

"आपण पोरीच्या मागं हाय का न्हाई? मागं म्हणजे आफ्टर. झालं की!"

सिग्नल सुटायच्या आत व्याकरण सुटलं.

मेढ्यात चहा आला. लालासाहेबांनी मिशी सारखी केली. "सो, यंग मॅन, व्हॉट आर यू डूइंग धिस डेज?"

"सर, आय ॲम लुकिंग आफ्टर अ गर्ल."

म्हणजे, एक पोरगी सांभाळतोय. लालासाहेबांचा कप बशीत आपटला.

"सिन्स व्हेन?"

"थ्री इयर्स, सर."

"युवर फादर नोज?"

नानासोंना, म्हणजे शिवतेजच्या वडिलांना, त्यातलं ‘फादर’ तेवढं कळलं. ते प्रसन्न हसले. "येस, येस!"

"होल फॅमिली इज हेल्पिंग," शिवतेजला आता लय आली होती. "वडूज, कोरेगाव, एव्हरीव्हेअर आय ॲम लुकिंग आफ्टर गर्ल्स."

लालासाहेब उभे राहिले. भिंतीवर बंदूक नव्हती, तरी ते तिथंच बघत होते.

"आप्पा, बसा," पोहे घेऊन आलेली दीपमाला म्हणाली. "त्यांना लुकिंग फॉर म्हणायचंय. शोधतायत. सांभाळत न्हाईत कुणाला."

शिवतेजचे कान लाल झाले. आफ्टर म्हणजे धोका, हे त्याने त्या क्षणी कायमचं पाठ केलं. लालासाहेब बसले, खाकरले आणि मुद्द्यावर आले.

"माय ओन्ली डॉटर. टुमारो, यू विल लुक आफ्टर हर?"

"नो, सर!" शिवतेज जवळजवळ ओरडला. "नेव्हर! आय विल ओन्ली लुक फॉर हर!"

सांभाळणार नाही. नुसता शोधत फिरणार.

लालासाहेब आमच्या चपलांकडे बघायला लागले. मी पोह्यांची बशी गपचूप खाली ठेवली. दीपमाला मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, ती हसू आवरून म्हणाली, "आप्पा, मला पसंत हाय. सांभाळायचं माझं मी बघीन. मी हरवले तर शोधायला येतील, एवढं बास झालं."

नानासो माझ्या कानाशी आले. "पोरगी चांगली हाय गड्या. पण ती हरवती कशापायी? रस्ता तर सरळ हाय."