दुसऱ्या दिवशीचं सूप

मला सहसा किळस येत नाही. एकोणीस वर्षं मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम केलं. अर्धवट चावून ताटात परत टाकलेले घास, दुधाच्या पेल्यात बुडालेली कवळी, उष्ट्या भाजीत खोचलेलं रक्ताळलेलं बँडेज, हे सगळं हातांनी उपसलं आणि त्याच दुपारी डबा उघडून पोटभर जेवले. नाक मुरडणाऱ्याचं ते कामच नव्हे. म्हणून एका छापील कागदावरच्या चार ओळी वाचून मी बेसिनपाशी धावले आणि भडाभडा ओकले, तेव्हा नवऱ्याला वाटलं मला पित्त झालंय. त्याने आल्याचा तुकडा आणून दिला. मीही पित्तच म्हणून सांगितलं.

रुग्णालय सोडल्यावर मी एका प्रकाशन संस्थेसाठी पाककृती करून बघायचं काम धरलं होतं. त्यांच्याकडे एक लेखिकाबाई होत्या. त्यांच्या रहस्यकथा हातोहात खपत. प्रत्येक पुस्तकात एक लहानसं गाव, एक खून आणि खानावळ चालवणारी एक म्हातारी, जिला सगळे काकी म्हणत. पोलीस हात टेकायचे आणि काकी केकचा तुकडा जिभेवर घोळवून खुनी कोण ते सांगायची. खून व्हायचा तोही शिस्तीत. गालिच्यावर डाग पडायचा नाही, किंकाळी शेजारी ऐकू जायची नाही, आणि मेलेला माणूस असा निवडलेला की तो गेल्याचं कोणाला फारसं वाईट वाटू नये. प्रकरण संपलं की त्यातल्या पदार्थाची कृती. वाचक आधी खून वाचायचे, मग तोच पदार्थ घरी करून त्याचे फोटो पाठवायचे.

लेखिकाबाईंना अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं. त्यांच्या गॅसच्या शेगडीवर मी स्वतःच्या डोळ्यांनी फुलदाणी ठेवलेली पाहिली आहे. कृतीत त्या लिहायच्या, ‘पीठ मनाला पटेल एवढं घ्या.’ मग ते पटवायचं काम माझ्याकडे. केक एकदा बसायचा, एकदा फाटायचा, आठव्या वेळी कुठे माणसात यायचा. आठही वेळा चाखायचा मात्र मीच. ऑफिसात मला चमचेबाई म्हणत. इतकी वर्षं चमचा हातात असूनही कोणाची चमचेगिरी न करणारी ही एकच बाई, असा संपादकांचा विनोद होता आणि नवा माणूस आला की ते तो न चुकता सांगत.

खोटं कशाला बोलू, लेखिकाबाई मला आवडायच्या. त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन उंच स्टुलावर बसायच्या, पाय हलवत राहायच्या आणि ऐकायच्या. असं ऐकणारं माणूस मला आयुष्यात दुसरं भेटलं नाही. मध्ये बोलायच्या नाहीत, घड्याळ बघायच्या नाहीत. आपण साध्या बटाट्याबद्दल बोलत असलो तरी आपण फार मोलाचं काही सांगतोय असं वाटावं. अशाच एका दुपारी, बिस्किटं ओव्हनमध्ये असताना, मी त्यांना माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितली.

सासूबाई घरात पडल्या होत्या आणि मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर त्यांना एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं, कारण आम्ही दोघंही नोकरी करणारी. तिथल्या आचाऱ्याने कोंबडीच्या हाडांचं सूप केलं, मोठं पातेलं शेगडीवरच झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गरम करून वाढलं. अकरा म्हाताऱ्या माणसांना ते बाधलं. दोन गेली, त्यातल्या एक सासूबाई. मी बातमी कळताच धावले. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, तो येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचे सहा तास मी एकटी त्यांच्यापाशी होते. त्या सहा तासांत किती चादरी बदलल्या ते मी मोजलं नाही. माणसाच्या शरीरातून एवढं पाणी कसं जाऊ शकतं, हाच विचार मनात येत होता. सासूबाई अतिशय टापटिपीच्या. आजारपणातसुद्धा उशीच्या अभ्र्याला इस्त्री लागायची. शेवटी आवाज अगदी खोल गेला होता. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “मला वास येतोय का गं?” मी नाही म्हटलं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की फार वेळ लागला नाही. लेखिकाबाईंना मात्र सगळं सांगितलं, पलंगाशी ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टबापासून ते त्या प्रश्नापर्यंत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं आणि आम्ही बिस्किटं खाल्ली.

वर्षभराने नवं हस्तलिखित आलं. त्यात एक विश्रामधाम होतं, खिडक्यांना जाळीचे पडदे होते आणि एक श्रीमंत, खाष्ट म्हातारी होती. खुनी माणूस रात्रभर शेगडीवर मुरत ठेवलेल्या सुपात विष कालवतो. म्हातारी सूप पिते. पायांशी निळ्या लोकरीचा गुंडा पडलेला असतो. ती शेजारी बसलेल्या तरुण सुनेचं मनगट धरते आणि हसून म्हणते, ‘काय सुंदर वास येतोय गं.’ मग तिची मान अलगद खुर्चीच्या पाठीवर टेकते. पान उलटलं की सुपाची कृती. तिच्या शेवटी लिहिलं होतं: ‘काकीचं गुपित सांगू? हे सूप झाकून शेगडीवरच मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी हलकंसं कोमट करून प्या. चव दुप्पट.’

हे वाचून मी ओकले.

सकाळी मी लेखिकाबाईंकडे गेले. त्यांना वाटलं मी कौतुक करायला आलेय; त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं की हे माझ्या सासूबाईंचं मरण आहे आणि ते त्यांनी धुऊन, वाळवून, घडी घालून पुस्तकात ठेवलंय. त्या जराही रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “अगं, मी ते सुंदर केलं. तू सांगितलंस तसं लिहिलं असतं तर कोण वाचणार होतं?” मग मी कृतीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. हीच चूक त्या आचाऱ्याने केली होती, हजारो घरांत लोक हे करून बघतील, असं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की सूप रात्रभर बाहेर राहिलं नाही तर विष घालणार कधी, सगळा सापळा त्यावर उभा आहे. शिवाय त्यांच्या लहानपणी घरोघरी असंच ठेवत, कोणाला काही झालं नव्हतं. बोलताना त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं आणि त्या बोट घालून तो लगदा काढून चाटू लागल्या. मी उठले.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, लेखिकेचा शब्द शेवटचा असतो, पण गुरुवारी सगळे भेटणारच आहोत तेव्हा बोलू. आणि हो, येताना सूप आणा, म्हणजे चव बघता येईल. मी बरं म्हटलं.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी सूप केलं. कोंबडीची हाडं, गाजर, कांदा, मिरी, लोणी, सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे. मी एक थेंबही चाखला नाही. झाकण ठेवून पातेलं शेगडीवर तसंच ठेवलं. दिवस उकाड्याचे होते. गुरुवारी सकाळी झाकण काढलं तेव्हा वर चरबीचा पिवळट थर धरला होता आणि त्याखाली सगळं थुलथुलीत झालं होतं. वास मात्र चांगला येत होता. या गोष्टीतलं सर्वांत घाणेरडं तेच आहे. नासलेलं दूध निदान सांगतं तरी की मी नासलेय. हे सूप काही सांगत नाही.

ऑफिसच्या पँट्रीत मी ते कोमट केलं. वासाने तीन माणसं खुर्च्या सोडून आली. बैठकीत संपादकांनी पातेल्यात डाव फिरवला, नाकाने लांब श्वास घेतला आणि चमचेबाईंच्या हाताला तोड नाही, असं म्हणाले. लेखिकाबाई माझ्याकडे बघून हसल्या, जणू आमचं भांडण मिटलं होतं. मी दोघांच्या पुढे वाट्या भरून ठेवल्या.

मग मी सांगितलं, “हे काल सकाळी दहाचं आहे. पुस्तकात लिहिलंय तसंच, शेगडीवर झाकून ठेवलेलं. आता प्या.”

संपादकांचा चमचा वाटीतच राहिला. त्यांनी वाटी इंचभर पुढे ढकलली आणि मग रुमालाने बोटं पुसली, जणू वाटीला हात लावूनही काही लागलं असावं. मी शुश्रूषागृहाचं सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता. चादरी सांगितल्या, टब सांगितला, त्या टबात काय होतं आणि त्याचा रंग काय होता तेही सांगितलं. कोणीतरी मध्येच खिडकी उघडली.

लेखिकाबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, “मी घाबरत नाही. एवढ्याशाने काही होत नाही.” आणि त्यांनी चमचा भरला.

तो चमचा त्यांच्या ओठांपर्यंत गेला. मी टेबलाच्या त्यांच्याच बाजूला, हातभर अंतरावर होते. हात पुढे करून तो खाली पाडणं मला सहज शक्य होतं. एकोणीस वर्षं आजाऱ्यांना जेवू घातलेली बाई मी. पण मी हात हलवला नाही. त्यांनी प्यावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यांची चादर कोणीतरी बदलावी असं वाटत होतं. आजवर जगात जे जे ओंगळ पाहिलं, त्यात त्या क्षणी माझ्या आत जे होतं ते मी पहिल्या नंबरावर ठेवीन.

लेखिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण माणसं वाचण्यात त्या पटाईतच होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मीठ जरा जास्त वाटतंय, असं म्हणाल्या. वासावरून मीठ कळणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

ती ओळ गेली. संपादकांनी तिथेच काट मारली आणि त्या जागी लिहून घेतलं की उरलेलं सूप लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावं आणि पिताना खळखळून उकळावं. विष आता थेट वाटीत पडलं. आठवडाभरात नवं प्रकरण लिहून झालं, त्याने पुस्तकाचं काही बिघडलं नाही. पण मनगट राहिलं, निळी लोकर राहिली, ते शेवटचं वाक्यही राहिलं. वाक्यांवर कोणाची मालकी नसते, असं संपादक म्हणाले. मी पातेलं घरी न आणता तिथेच ओतून, उकळत्या पाण्याने धुऊन, त्यांच्या पँट्रीत सोडून आले. काम सोडल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी पाठवलं.

प्रकाशनाला मी गेले नाही. फोटो मात्र लोकांनी पाठवले. लांब टेबलं, पांढरे रुमाल, एका खुर्चीत मेल्याचं सोंग घेतलेली बाई आणि आजूबाजूला वाट्या चाटूनपुसून साफ करणारे वाचक. ऋणनिर्देशात माझे आभार मानले होते: ‘आपल्या सासूबाईंच्या हळव्या आठवणी मोकळ्या मनाने देणाऱ्या चमचेबाईंना.’ संस्थेच्या पत्त्यावरून मला पत्रं येऊ लागली. तुमच्या सासूबाईंचं सूप अप्रतिम आहे, असं बायका लिहीत. सासूबाईंनी जन्मात सूप केलं नव्हतं. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

पुस्तकाची एक प्रत घरी आली होती. ती मी रद्दीत टाकली. नवऱ्याने ती रद्दीतून काढली. त्याने आजवर या मालिकेतलं एकही पुस्तक उघडलं नव्हतं. पण माझं काम का सुटलं ते त्याला थोडंफार कळलं होतं. रविवारी सकाळी तो खिडकीपाशी बसून वाचत होता. मी भाजी निवडत होते. ते पान आलं हे मला त्याच्या ताठलेल्या पाठीवरून कळलं.

मग त्याने पुस्तकात बोट ठेवून विचारलं, “हे आईचं आहे ना?”

मी हो म्हटलं.

“अशीच गेली का ती?”

त्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं. चादरी, टब, सासूबाईंचा आवाज, सगळं जिभेवर आलं होतं. बारा वर्षं हा माणूस त्या खोलीच्या बाहेर उभा होता आणि मी त्याला आत येऊ दिलं नव्हतं. एका परक्या बाईला स्टुलावर बसवून सगळं दाखवलं होतं. पण त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

“हो,” मी म्हटलं. “असंच काहीसं.”

त्याने मान हलवली, डोळे पुसले आणि बरं झालं म्हणाला. मी देठं गोळा केली. माझ्या तोंडाला कडू चव आली होती, ती दुपारच्या जेवणातही गेली नाही.

आता मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे दुपारी दोननंतर पातेल्यात काही उरलेलं दिसलं की मी ते स्वतः ओतून देते. त्यावरून मुख्य आचाऱ्याशी माझं आठवड्यातून एकदा तरी वाजतं. नवऱ्याला त्या पुस्तकांची गोडी लागली आहे. त्याने वाचनालयातून एकेक आणून सहा वाचून काढली. अधूनमधून तो एखादी कृती मोठ्याने वाचून दाखवतो आणि हे आपल्याकडे करायचं का, असं विचारतो. मी त्याला सांगते, काय हवं ते वाच, पण त्यातलं काही या घरात शिजणार नाही.