काळ्याखालचा अंगठा

"उजवा अंगठा. एकेकाने पुढे या," मालक म्हणाले आणि त्यांनी शाईचा पॅड टेबलाच्या मधोमध सरकवला.

पॅडशेजारी मऊ कापडावर एका भारी घड्याळाचं पोलादी कवच होतं. आतलं यंत्र काढून घेतलेलं, रिकामं. परवापर्यंत ते आरशासारखं लखलखत होतं. आज सकाळी काळंभोर होऊन भट्टीतून बाहेर आलं. गिऱ्हाइकाला तसंच हवं होतं. काळं, आणि जन्मभर काळंच राहील असं. हा थर केसाहून पातळ, पण किल्लीने ओरबाडलं तर किल्लीच झिजेल इतका चिवट. त्याचं वैर एकाशीच, माणसाच्या घामाशी. धुतलेल्या पोलादाला कुणाचं उघडं बोट लागलं, की तिथे काळं धरत नाही. आणि या कवचाच्या पाठीवर काळ्याखालून एक अंगठा वर आला होता. धुरकट, अख्खा, रेघांसकट.

"उद्या दुपारी माणूस घड्याळ न्यायला येणार. काय सांगू त्याला? आमच्याकडे सही करून देतात म्हणून सांगू?"

मालक सोडले तर कारखान्यात माणसं तीन. पॉलिशवाला घासूनपुसून चमकवायचा. धुण्याचं काम एका बाईकडे; ती धुवायची, आधी औषधात, मग थरथरत्या पाण्याच्या यंत्रात, मग वाळवायची गरम हवेत. आणि तिचा नवरा हातमोजे घालून एकेक भाग जाळीवर स्क्रूने बसवायचा आणि भट्टीत सोडायचा. बावीस वर्षं तिघं एका छताखाली, एका किटलीतला चहा पीत आलेले. आज सकाळपासून मात्र तिघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होती.

"मी हात लावतो धुण्याच्या आधी," पॉलिशवाला म्हणाला. "माझी बोटं वहिनी धुऊन टाकतात. माझी पापं तेवढी राहतात."

"आणि धुतल्यावर भट्टीच्या खोलीत सिगरेट ओढायला कोण गेलं होतं?" मालकांनी विचारलं.

"खिडकी तिकडेच आहे हो!"

"गेल्या आठवड्यात मला काय म्हणालास? तुमचं तोंड काळं करीन."

"तोंड म्हणालो होतो. घड्याळ नाही."

पॉलिशवाल्याने अंगठा टेकवला. मग तिच्या नवऱ्याने. मग तिने. तिच्या अंगठ्याखाली कागदावर नुसता निळा डाग पडला, एकही रेघ नाही. औषधाच्या पाण्याने बोटांवरचं सगळं केव्हाच नेलं होतं.

"वहिनी, तुमची तर पाटी कोरी," पॉलिशवाला पुटपुटला.

मालकांनी डोळ्याला भिंग लावलं. कवच बघितलं, कागद बघितला, परत कवच. मनी वसे ते स्वप्नी दिसे; त्यांना जे बघायचं होतं ते फार लवकर दिसलं.

"तुझाच आहे. उद्यापासून येऊ नकोस."

पॉलिशवाल्याच्या तोंडाला नेहमी काही ना काही सुचायचं. आत्ता एवढंच सुचलं. "नीट बघा ना, साहेब," तो म्हणाला. "एकदा नीट बघा."

मालकांनी भिंग तिच्यापुढे धरलं. "घ्या ताई. तुम्ही तेवढ्या सुटलात. तुम्हीच बघा आणि सांगा याला."

तिने भिंग लावलं. काळ्या डोहात कुणी खडा टाकावा आणि लाटा जागच्या जागी थिजाव्यात, तशा रेघा. आणि त्या लाटांना आडवी कापत गेलेली एक तिरकी चीर.

कागदाकडे बघायची तिला गरजच पडली नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी डब्याच्या पत्र्याने ही चीर पाडली होती आणि रुमाल फाडून तो अंगठा तिनेच बांधला होता. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बांधला होता.

भिंगावरचा डोळा तिने काढला नाही. तेवढाच आडोसा.

तीन महिने तिच्या मनात किडा वळवळत होता. कप फुटला तेव्हा तो म्हणाला, "कपाचा कानच कच्चा होता." मग दुसऱ्या कपाचा कानही कच्चा निघाला. नाडीचे बूट गेले, चपला आल्या. शर्टाचं वरचं बटण उघडं राहू लागलं, "उकडतं गं" म्हणून. तिने झोपेत त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. दारूचा नव्हता. स्वतःची लाज वाटली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. संशय असाच असतो, हाकलला तरी उंबऱ्यावर बसून राहतो.

तिने मान वर केली. नवरा दाराशी उभा होता, उजवा हात खिशात. तिच्याकडे बघत नव्हता, पॉलिशवाल्याकडेही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि तो गप्प होता. बावीस वर्षांत तिने त्याला असं गप्प कधी बघितलं नव्हतं. ती बोलली नाही तर हे असंच चालून जाईल, हेही तिला कळत होतं.

"याचा नाहीये," ती म्हणाली. "ह्यांचा आहे."

मालकांनी तिच्या हातून भिंग परत घेतलं.

"हो," नवरा म्हणाला. "माझाच."

"तुम्ही?" मालकांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हीच तर सगळ्यांना हातमोजे घालायला शिकवलंत. काढलात कशाला?"

"हातमोज्यात स्क्रू बोटांना जाणवेना." त्याने खिशातला हात बाहेर काढून बघितला, दुसऱ्याची उसनी वस्तू बघावी तसा. "म्हणून काढला. काढला, तरी जाणवला नाही."

मालकांनी शाईचा पॅड बंद केला. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"उद्या दाखवा. कामावर येऊ नका, आधी तिकडे जा. भट्टीचं नंतर बघू." थोडं थांबून ते म्हणाले, "खोलीची किल्ली तेवढी ठेवून जा."

त्याने किल्ली काढली. ती टेबलापर्यंत पोचली नाही, खाली पडली. पॉलिशवाल्याने चटकन वाकून उचलली आणि मालकांकडे न देता त्याच्याच समोर धरली. "तुम्हीच ठेवा, दादा." मग नवऱ्याने ती डाव्या हाताने टेबलावर ठेवली.

जिन्यात नवरा तिच्या पुढे चालत होता. शेवटच्या पायरीवर थांबला.

"घरी विचारलं असतंस."

"घरी तुम्ही कप कच्चा म्हणाला असतात."

तो हसला की नुसता श्वास सोडला, तिला कळलं नाही. "त्याची नोकरी गेली असती गं," तो म्हणाला. "मी बघत उभा होतो."

"माहीत आहे."

"तू नसतीस तर..."

"चला. उन्हं उतरली."

रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. कडेला दोघं थांबली. तो मान उंच करून डावीकडे बघत होता, मग उजवीकडे. वाट मोकळी झाली तशी तिने अर्धं पाऊल मागे राहून हळूच त्याचा उजवा हात धरला. दोघं निघाली. एक गाडी गेली, दुसरीने त्यांच्यासाठी वेग कमी केला.

पलीकडच्या कडेला पोचल्यावर त्याने डाव्या खांद्यावरून मागे, रस्त्याच्या त्या बाजूला नजर टाकली. गर्दीत तिला शोधू लागला.

"आलीस का गं?" त्याने हाक मारली.

त्याची चारही बोटं तेव्हा तिच्या मुठीत होती.