पाणी वाढलं

पावसाचं पाणी रस्त्यावर तुंबू नये म्हणून सांगलीत आमच्या कॉलनीच्या सखल कोपऱ्यात तळं खोदलं आणि विरंगुळा म्हणून काठाला बाकं टाकली. लोक त्या बाकांवर तळ्याकडं पाठ करून बसायला लागले. महापुरात ज्यांचा सोफा तरंगलाय, त्यांना पाण्याकडं बघत निवांत बसणं जमत नाही.

तोंड करून बसायचा तो एकटा माझा आज्जा, भाऊसो. सगळा जन्म आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेला. गुडघ्याच्या इलाजाला आमच्याकडं आला आणि अडकला. आज्जी, हरणाबाई, गावाकडंच. 'शहरात बसू कुठं, टीव्हीम्होरं?' म्हणून येत नव्हती.

तळं साठायला लागलं तसा आज्जा रोज सकाळी काठावरून तिला फोन लावायचा. आटपाडी लांब, म्हणून ओरडून बोलायचा.

"बगळं हायती का?" आज्जी विचारायची.

"हायती. एक तर आपल्या गुंडा पाव्हण्यागत हाय. एका पायावर हुबा, जाऊ का नगं करत."

"बगू," म्हणून ती फोन ठेवायची. आज्जा बराच वेळ बंद फोन कानाला धरून बसायचा.

एका सकाळी ती म्हणाली, दुपारच्या एसटीनं येते. आज्जानं आनंदानं आवाज चढवला. "ये. पाणी वाढलंय, लय वाढलंय."

हे वाक्य सांगलीत असं ओरडायचं नसतं. माणसं दात घासता घासता फ्रीज गच्चीवर न्यायला लागली. शेजारच्या नानासोंनी पुरानंतर हौसेनं पंप घेतला होता, त्याला एकदाचं काम मिळालं. त्यांनी दुपारपर्यंत तळं उपसलं आणि पाणी रस्त्यावर सोडलं. रस्त्यावर पाणी बघून लोकांनी सोफेही वर नेले.

आज्जी त्याच पाण्यातून लुगडं वर खोचून, बोचकं डोक्यावर घेऊन आली. तळ्यात नुसता चिखल.

"हितं पाणी हुतं गं," आज्जा म्हणाला.

आज्जी तळ्याकडं तोंड करून त्याच्या शेजारी बसली. "आपलं गावचं तळं तरी कवा भरल्यालं आसतं." तिनं बोचक्यातली भाकरी सोडली. चिखलात एक बगळा उतरला.

"त्यो व्हय गुंडा?"

"व्हय."

"वाळलाय." मग भाकरी मोडत म्हणाली, "मेंढरं शेजारच्या बनाबाईकडं सोपवल्यात. आल्यासारखं एक डाव भरल्यालं बगते आन् जाते. पडंल का आज?"

पश्चिमेकडून काळंकुट्ट भरून आलं होतं. जन्मभर ढगाची वाट बघितलेला आज्जा बाकावर हळूच फिरला आणि तिकडं पाठ करून बसला.

"न्हाई वाटत," तो म्हणाला.